नफा नंतर, आधी यंत्राचं वय

साताऱ्याहून एका तरुणानं विचारलंय. वडिलांचा पोवई नाक्याजवळ फोटो स्टुडिओ आहे, मुलगा नोकरी करतो आणि थोडे पैसे परदेशी शेअर्समध्ये गुंतवतो. लंडनच्या बाजारातल्या, फोटोबूथ आणि फोटो प्रोसेसिंगची यंत्रं असलेल्या एका कंपनीचा वार्षिक निकाल त्यानं वाचला. विक्री वाढली, नफा वाढला, लाभांशही वाढवला आणि त्याच दिवशी शेअर पडला. मग निकालात नेमकं बघायचं काय? आणि जाता जाता दुसरा प्रश्न: असं एक बूथ साताऱ्याच्या एसटी स्टँडवर टाकलं तर चालेल का?

मी सांगलीत सीए आहे. तीसेक वर्षांत हरभट रोडपासून मिरजेपर्यंतच्या बऱ्याच स्टुडिओंची आणि कलर लॅबची खाती माझ्या टेबलावरून गेली. त्यामुळे लंडनच्या कंपनीचा अहवाल वाचतानाही मला आधी आठवते ती केमिकलचा वास येणारी खोली आणि कोपऱ्यात गरगरणारं मशीन. उत्तर लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

शेअर का पडला, हे पटकन उरकतो. संपलेल्या वर्षाचा नफा बाजाराला बहुतेकदा आधीच ठाऊक असतो, निदान अंदाजानं. निकालाच्या दिवशी लोक बघतात ते पुढच्या वर्षाबद्दल व्यवस्थापनानं लिहिलेलं एखादं वाक्य. ते जरा मवाळ निघालं की भाव पडतो. त्यावरून कंपनी चांगली की वाईट हे ठरत नाही. तो विषय तिथेच सोडू.

आता धंदा समजून घ्या. मिरज स्टेशनवर लाल-पिवळे दिवे लुकलुकणारा वजनकाटा असायचा, आठवतोय? वर उभं राहायचं, नाणं टाकायचं, चक्र थांबलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लहानपणी मला एकच प्रश्न पडायचा, यातले पैसे घेतं कोण? फलाट रेल्वेचा, काटा भलत्याचाच, आणि किल्ली घेऊन येणारा माणूस तिसराच. फोटोबूथ कंपनी म्हणजे हाच काटा, हजारो जागी उभा केलेला. जागा सुपरमार्केटची किंवा स्टेशनची, यंत्र कंपनीचं, आणि गल्ल्यातला ठरावीक हिस्सा जागामालकाचा.

या धंद्यातली लंडनमधली जुनी कंपनी म्हणजे फोटो-मी इंटरनॅशनल. १९६२ पासून तिथल्या शेअरबाजारात आहे, २०२२ मध्ये तिनं नाव बदलून एम-ई ग्रुप इंटरनॅशनल केलं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळची ‘किस’ ही मिनीलॅब, म्हणजे दुकानातच फोटो धुऊन छापणारं यंत्र, बनवणारी कंपनीही तिच्याच ताब्यात आहे. आज त्यांचा व्यवसाय फोटोबूथ, फोटो छापून देणारे किऑस्क आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी केलेली कपडे धुण्याची मोठी यंत्रं असा आहे. ऑक्टोबर २०२३ ला संपलेल्या वर्षात त्यांची विक्री जवळपास ३० कोटी पौंडांची होती. तुमच्या डोक्यातली कंपनी हीच असेल असं धरतो. दुसरी असली तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

अशा कंपनीचं उत्पन्न दोन प्रकारचं असतं आणि ते वेगळं काढल्याशिवाय पुढे वाचू नका. एक, यंत्र बनवून दुसऱ्याला विकणं. दोन, यंत्र स्वतःकडेच ठेवून त्याचा गल्ला रोज घरी आणणं. विक्रीचा पैसा एकदाच येतो. एखाद्या वर्षी मोठी ऑर्डर आली तर आकडा फुगतो, पुढच्या वर्षी तोच बसतो. गल्ला मात्र रोजचा. फोटोबूथचा जनक अनातोल जोसेफो यानं १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पहिलं बूथ लावलं, २५ सेंटमध्ये आठ फोटो. १९२७ मध्ये त्यानं हक्क १० लाख डॉलरला विकले. त्या काळी ती अफाट रक्कम होती, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यानंतर गल्ला दुसऱ्यांच्या घरी जाऊ लागला.

यात एक बारकावा आहे. कंपनीच्या कारखान्यानं बनवलेलं यंत्र जेव्हा कंपनीच्याच ताफ्यात जातं, तेव्हा ती विक्री नसते. त्याचा सगळा खर्च, कारागिरांच्या पगारासकट, नफा-तोटा पत्रकात न येता ताळेबंदात मालमत्ता म्हणून जाऊन बसतो. नवं मॉडेल विकसित करायचा खर्चही बऱ्याच अंशी तिकडेच जातो. तिथून तो दरवर्षी घसारा म्हणून थोडा थोडा खर्चात येतो. किती थोडा, हे ठरवतं व्यवस्थापन. तुमचा प्रश्न खरं तर इथे सुरू होतो.

हिशोबच मांडून दाखवतो. आकडे माझे आहेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत. समजा एका कंपनीची १,००० बूथ आहेत, प्रत्येकी ५ लाखांची. म्हणजे ५० कोटींची यंत्रं. आयुष्य धरलं ५ वर्षं, तर वर्षाचा घसारा १० कोटी. घसाऱ्याआधीची कमाई १८ कोटी, म्हणून नफा ८ कोटी. दोन वर्षं अशी गेली, पुस्तकात यंत्रांची किंमत उरली ३० कोटी. तिसऱ्या वर्षी व्यवस्थापन म्हणतं, आमची यंत्रं दणकट आहेत, ५ नव्हे ८ वर्षं चालतील. आता उरलेले ३० कोटी उरलेल्या ६ वर्षांवर पसरायचे. घसारा झाला ५ कोटी. नफा ८ वरून थेट १३ कोटी. बूथमधल्या स्टुलावर एकही जादा माणूस बसलेला नाही, गल्ल्यात एक रुपया जास्त आलेला नाही, आणि नफा साठ टक्क्यांहून जास्त वाढला.

हे बेकायदा नाही. उलट आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार यंत्राचं उपयुक्त आयुष्य दरवर्षी तपासायचंच असतं, आणि ते बदललं तर परिणाम त्या वर्षापासून पुढे धरायचा असतो, मागचे आकडे उकरायचे नसतात. पण हा बदल पहिल्या पानावरच्या चमकदार आकड्यांत सापडत नाही. तो लेखा धोरणांच्या टिपांत असतो, ‘बूथ: अमुक ते तमुक वर्षं’ अशा एका ओळीत. ती ओळ गेल्या वर्षीच्या अहवालातही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निकाल वाचणाऱ्यांतले फार थोडे ते करतात.

मला या एका ओळीचं एवढं वेड का, ते सांगतो. २००६ च्या एप्रिलमध्ये सांगलीतल्या माझ्या एका पक्षकारानं डिजिटल मिनीलॅब घेतली, ६० लाखांची, बँकेचं कर्ज काढून. सहा इंची पेपरचा रोल लावला की बाहेर चार बाय सहाचे प्रिंट टपाटप पडायचे, आणि काउंटरवर पोरं पाकिटं भरत बसायची. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत शटर अर्धं उघडं. घसारा आम्ही आयकराच्या दरानं धरला, घटत्या किमतीवर १५ टक्के, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के. बँकेच्या हिशोबातही तोच. मार्च २०११ ला पुस्तकात मशीनची किंमत उरली साधारण २६ लाख ६० हजार. दरवर्षी नफा दिसायचा, त्या नफ्यावर त्यानं गाडी घेतली, बहिणीचं लग्न केलं.

मग मशीन विकायला काढलं. चार लाखांच्या वर कोणी बोलेना.

म्हणजे पाच वर्षांत आम्ही जो नफा म्हणून दाखवला, त्यातले बावीस-तेवीस लाख नफा नव्हतेच. ते मशीनचं मरण होतं, आम्ही खर्चात धरलं नव्हतं इतकंच. करापुरता तो दर बरोबर होता. पण धंदा समजून घ्यायला आणि घरखर्च ठरवायला तोच दर वापरला, ही चूक माझीही होती. बँकेनं विचारलं नाही, त्यानं विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही.

मशीन बिघडलं होतं का? अजिबात नाही. शेवटच्या दिवसापर्यंत प्रिंट काचेसारखा यायचा. बदललं होतं ते बाहेरचं जग. लोक फोटो काढून मोबाइलमध्येच ठेवू लागले, लग्नाचं काम करिझ्मा अल्बमवर, म्हणजे संगणकावर पानं रचून पुस्तकासारख्या छापलेल्या अल्बमवर गेलं. काम घटलं की मिनीलॅबमध्ये दुहेरी मार बसतो, हे बाहेरच्याला कळत नाही. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं केमिकल, ३८ अंशांच्या आसपास तापवून ठेवावाच लागतो, मग दिवसाला ५,००० प्रिंट निघोत की ५०. आणि टाकीतलं केमिकल कामामुळे संपतंच, शिवाय हवेनंही खराब होतं. भरपूर काम असेल तर ताजं केमिकल सतत आत येत राहतं. काम नसलं की तेच पाणी पिवळं पडत बसतं आणि अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. प्रिंट निम्मे झाले म्हणून खर्च निम्मा होत नव्हता. आजच्या बूथमध्ये ही कटकट नाही. तिथे रिबन आणि कागदाचा कोरडा प्रिंटर असतो, एका रिबनमध्ये ठरलेले प्रिंट, त्यामुळे खर्च मोजून मापून. पण गल्ला रिकामा करायला आणि कागद भरायला येणाऱ्या माणसाची फेरी, त्याची गाडी, त्याचा पगार मात्र धंदा असो नसो लागतोच.

तेव्हा यंत्राचं आयुष्य लोखंडावर ठरत नाही. कधी ते बनवणारी कंपनीच बाजूला होते. कोनिका मिनोल्टानं जानेवारी २००६ मध्ये कॅमेरा आणि फोटोच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. चालू मशीन घेऊन बसलेल्या लॅबवाल्यांनी तेव्हा काय दिवस काढले ते मी पाहिलंय. कधी सरकारी नियम बदलतो, आणि फोटोबूथच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा मुद्दा. बूथची बहुतांश कमाई ओळखपत्राच्या फोटोंची. फ्रान्समध्ये वाहन परवान्यासाठी बूथमधून फोटो आणि सही थेट सरकारी यंत्रणेकडे जाते आणि माणसाच्या हातात एक कोड येतो. तिथे नियमानं बूथचं आयुष्य वाढवलं. ब्रिटनमध्ये पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरताना घरी मोबाइलवर काढलेला फोटोही चालतो, म्हणजे तिथे नियमानं बूथला स्पर्धक दिला. जर्मनीत १ मे २०२५ पासून ओळखपत्र आणि पासपोर्टसाठी कागदी फोटोऐवजी डिजिटल फोटोचा नियम आला, म्हणजे त्या कामासाठी नुसता कागद छापणारं बूथ तिथे निरुपयोगी झालं. एकच बूथ, तीन देश, तीन वेगळी भवितव्यं. म्हणून अहवालात देशवार विक्रीचा तक्ता असतो तो नुसता चाळू नका. कंपनीचं पोट कुठल्या देशावर किती भरतंय, हे त्या तक्त्यावरून कळतं.

ताफा किती म्हातारा झालाय, हे काढायची एक ओबडधोबड युक्ती आहे. स्थावर आणि यंत्रसामग्रीच्या टिपेत एका ओळीत यंत्रांची मूळ किंमत असते आणि दुसऱ्या ओळीत आजवरचा एकूण घसारा. दुसरीला पहिलीनं भागा. १०० ची यंत्रं आणि ७२ घसारा, तर ताफा बहात्तर टक्के खर्ची पडलाय. दोन-तीन वर्षांत हा आकडा चढत असेल, तर नवी यंत्रं पुरेशी येत नाहीत. मग रोखप्रवाहाच्या पत्रकात जा आणि यंत्रांवर केलेला भांडवली खर्च त्या वर्षीच्या घसाऱ्याशेजारी ठेवा. घसारा १० आणि खर्च ४, असं सलग चालू असेल तर हातात रोकड भरपूर दिसेल, लाभांशही सढळ मिळेल. पण ते घराची वासे-कौलं विकून दिवाळी करण्यासारखं आहे. उलट खर्च घसाऱ्याहून जास्त असेल तर नवीन काय उभारतायत ते बघा. कपडे धुण्याची यंत्रं वाढवत असतील तर कंपनी हळूहळू फोटोची राहिलेली नाही, आणि तुम्ही शेअर घेतला तो लॉन्ड्रीचा.

म्हणूनच व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा, ज्याला सगळे एबिटडा म्हणतात, तो आकडा या धंद्यात मी शेवटी वाचतो. घसारा हाच या धंद्यातला कच्चा माल. भडबुंज्यानं शेंगदाण्याचा खर्च न धरता नफा सांगावा, तसं होतं ते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. जागेचा मोबदला गल्ल्याच्या टक्केवारीत आहे की किमान रकमेची हमी दिलीय, ते बघा. लॉकडाऊनमध्ये स्टेशनं ओस पडली तेव्हा टक्केवारीवाले तरले आणि हमी दिलेले घामाघूम झाले. एकवेळच्या खर्चांची रांग दरवर्षी येत असेल तर तो एकवेळचा खर्च नव्हे. चलनही बघा. जपानमध्ये बूथला १,००० येन पडत असतील आणि पौंड १५० येनांचा असेल तर ते साडेसहा पौंडांच्या वर होतात. पौंड १९० चा झाला की तेच सव्वापाच. तिथे ग्राहक तेवढाच आला, कंपनीच्या विक्रीत मात्र घट. चलन स्थिर धरून काढलेली वाढ वेगळी दिलेली असते, ती वाचा. आणि वर्ष कधी संपतं तेही. या कंपनीचं वर्ष पूर्वी ३० एप्रिलला संपायचं, आता ३१ ऑक्टोबरला संपतं. बदलाच्या काळातले आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका. आपल्याकडे लग्नसराई ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना सांडते, आणि एका वर्षी मुहूर्त पुढे सरकले की स्टुडिओवाला म्हणतो धंदा पडला. तसंच आहे हे.

एक कामाची गोष्ट, विचारली नाहीत तरी. परदेशी शेअर असेल तर आयकराच्या विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, आणि ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे, आर्थिक वर्षाप्रमाणे नाही. आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. दहा शेअर असले तरी.

आता एसटी स्टँडवरचं बूथ. पुन्हा आकडे माझेच. बूथ ६ लाखांचं, आयुष्य ६ वर्षं, वर्षाला १ लाख घसारा. एका फोटो-पट्टीचे १०० रुपये, दिवसाला १० गिऱ्हाइकं, वर्षाची ३ लाख ६५ हजारांची वसुली. जागेचा हिस्सा पंचवीस टक्के, म्हणजे ९१ हजार. कागद-रिबन २० रुपयांनी ७३ हजार. वीज, देखभाल आणि जाणं-येणं महिन्याला ६,०००, म्हणजे ७२ हजार. उरले सव्वा लाखाच्या थोडे वर. घसारा वजा करा, हातात २९ हजार. कर्ज काढलं असेल तर ६ लाखांवर दहा टक्क्यांनी ६० हजार व्याज, आणि तुम्ही ३१ हजारांनी खड्ड्यात.

बरं, ही १० गिऱ्हाइकं येणार कुठून? पासपोर्टसाठी मोठ्या माणसाचा फोटो केंद्रातच काढतात, आधारचाही तिथेच. उरतात शाळेचे दाखले, बँकेचे फॉर्म, भरतीचे अर्ज. त्या अर्जांना कागदी फोटो नकोच असतो, २० ते ५० केबीची फाइल हवी असते, आणि उद्या शेवटची तारीख असते. ते काम तुमचे वडील करत असणार. पोराला टेकवून बसवायचं, केस सारखे कर म्हणायचं, शर्टावर संगणकातनं काळा कोट चढवायचा, फाइल दाबून व्हॉट्सॲपवर टाकायची, वर आठ प्रिंट, आणि घ्यायचे पन्नास रुपये. फ्रान्सचं बूथ सरकारी यंत्रणेला जोडलेलं आहे म्हणून चालतं. साताऱ्यात ते जोडकाम वडिलांच्या काउंटरवर होतं आणि बूथच्या निम्म्या दरात होतं. स्टँडवर पैसे घालू नका.

शेअरबद्दल घ्या किंवा विका असं मी सांगणार नाही, ते माझं कामही नाही. पण दोन वर्षांचे अहवाल उघडा, यंत्रसामग्रीची टीप आणि आयुष्याची ती एक ओळ दोन्हींतून काढा, शेजारी भांडवली खर्च लिहा. एका वहीच्या पानावर मावेल. पुढचं काही विचारायचं झालं तर ते पान समोर ठेवून विचारा. आणि वडिलांच्या प्रिंटरचा घसारा किती वर्षांवर धरलाय, तेही त्यांच्या सीएला एकदा विचारून घ्या.